पेडलमागचा बोल्ट

बोल्ट मीच लावला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही केलं ते तुम्हाला नाटक म्हणूनच दिसेल.

चार महिन्यांपूर्वी बारकीने, म्हणजे माझ्या मुलीने, एक जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार आणून माझ्या गॅरेजच्या दारात उभी केली. बारकी आता सव्वीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच, पण लहानपणी पडलेलं नाव पडलं ते पडलंच. गाडी तिच्याहून पाच वर्षांनी मोठी. रंग हिरवा, म्हणजे एके काळी हिरवा. आधीच्या मालकाने तिला टर्बो बसवून घेतला होता. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. इंजिन तेवढंच राहतं, ताकद मात्र वाढते. मागच्या चाकांवर चालणारी, हलकी, आखूड गाडी आणि वर ही उसनी ताकद. वळणावर पाय जरा जास्त पडला की हिचं बूड बाहेर फेकलं जाणार, हे बॉनेट उघडण्याआधीच मला कळलं.

बारकीला भीती म्हणून नाहीच. सहा वर्षांची असताना ती गॅरेजातल्या लिफ्टवर चढवायच्या गाडीत गुपचूप जाऊन बसली होती. गाडी डोक्याच्या वर गेल्यावर मला खिडकीत तिचं तोंड दिसलं. मी घाबऱ्याघुबऱ्या तिला खाली आणायला लागलो तर म्हणते, अजून वर घे. तिने आयुष्यात एकदा तरी म्हणावं, बाबा, मला भीती वाटते, एवढीच माझी इच्छा होती. तिच्या वाटची भीती इतकी वर्षं मीच बाळगत आलो होतो.

मला भीती वाटायला कारणही होतं, आणि ते रोज माझ्यासमोर लंगडत फिरत होतं. माझा मेव्हणा. बारकीचा मामा म्हणून सगळं गॅरेजच त्याला मामा म्हणतं. वीस वर्षांपूर्वी मी एक गाडी जोरात पळेल अशी तयार केली होती आणि मामा ती चालवून बघायला घेऊन गेला होता. तो परत आला तो तीन महिन्यांनी, हॉस्पिटलातून. उजवा गुडघा कायमचा ताठ. तेव्हापासून तो आमच्याकडेच सीट शिवतो, आतले गालिचे बसवतो. त्या अपघाताबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नव्हतो. मी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी एकाही गाडीत ॲक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाबलेलं नव्हतं. मेकॅनिक असून. हे गिऱ्हाइकांना सांगू नका.

तर बोल्ट. त्या गाडीच्या ॲक्सिलरेटरच्या दांड्याला वरच्या बाजूला एक पत्र्याचा कान होता आणि त्याला एक रिकामं भोक. बारकी जेवायला गेलेली असताना मी त्या भोकातून एक बोल्ट पुढे काढला आणि पलीकडून नट घालून आवळला. आता पेडल दाबलं की बोल्टचं टोक समोरच्या पत्र्याला टेकायचं आणि पेडल निम्म्याहून थोडं पुढे जाऊन थांबायचं. पाय म्हणायचा, झालं, तळ लागला. गाडी म्हणायची, मला अजून कुणी मागितलंच नाही. बारकीने नवीन घेतलेली गाडी, तिला काय माहीत पेडल किती खाली जातं ते. त्या रात्री मला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

गेल्या सोमवारी सकाळी बारकीने गाडी आत घेतली आणि बॉनेट उघडलं.

"बाबा, ही ओढत नाही."

"जुनी आहे. तुलाही तिशी उलटल्यावर कळेल."

"चेष्टा नको. आवाज छान, धूर नाही, आणि ओढतच नाही. आज हिचा सोक्षमोक्ष लावायचा."

 चेहरा मी असा केला की जणू मलाही तेच वाटत होतं. मग आम्ही बापलेकींनी मिळून तो दोष शोधायला सुरुवात केली, जो मला पाठ होता.

प्लग काढले. चारही प्लग कसे छान बदामी. फ्युएल फिल्टर काढून फुंकून बघितला, वारा आरपार. पेट्रोलचं प्रेशर मोजलं, बरोबर. सायलेन्सर आतून तुंबला असेल म्हणून तो सैल करून बघितला. हवेच्या नळ्यांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे येतात का ते पाहिलं. ती प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवून म्हणायचो, "हं, हेही ठीकच दिसतंय." इतकं खोटं मी लग्न ठरवतानासुद्धा बोललो नव्हतो.

सगळ्यात जास्त घाम मला फुटला तो थ्रॉटल बघताना. थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा घसा, तो पूर्ण उघडतोय का हे बघायचं सोपं असतं. एकाने आत बसून पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने वरून बघायचं. कुठल्याही गॅरेजात हे पहिल्या पाच मिनिटांत झालं असतं. पण आमच्याकडे ती पद्धतच नाही. पूर्वी आत बसून पेडल दाबायचं काम मामाचं होतं. त्याचा गुडघा गेला आणि मी एकटा पडलो. मग मी वरूनच, इंजिनाजवळ, केबल बोटाने ओढायला लागलो. बारकी माझ्याच हाताखाली शिकली. तिला दुसरी रीत ठाऊकच नाही. तिने केबल बोटाने ओढली, घसा सताड उघडला, इंजिन गरजलं आणि ती म्हणाली, "बघ, इथे तर काहीच दोष नाही." मी शिकवलेली पद्धत माझ्या पापावर पांघरूण घालत होती. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

साडेबाराच्या सुमारास तिने चहा ओतला आणि हात पुसत सहज म्हणाली, "काल तर गंमतच झाली."

मामा कोपऱ्यात सीट शिवत बसला होता. त्याने सुई थांबवली.

"मोठ्या रस्त्यावर एका ट्रकला मागे टाकत होते. समोरून दुसरा ट्रक येत होता, पण लांब होता. मी हिशोब केला, एवढ्यात सहज निघून जाऊ. पेडल तळाला लावलं आणि बाई ढिम्म. अर्ध्यात येऊन बसले ना मी. मागे जावं तर मागच्याने जागा भरलेली." तिने दोन बोटांत चिमूटभर अंतर दाखवलं. "एवढ्याने निघाले. समोरचा ट्रकवाला काय काय बोलला असेल."

आणि ती हसली.

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. तिने हिशोब केला होता तो बरोबरच होता. गाडीने साथ दिली असती तर ती कधीच निघून गेली असती. अडवलं ते माझ्या बोल्टने. तिला वाचवायला म्हणून लावलेला लोखंडाचा तुकडा तिला दोन ट्रकांच्या मध्ये धरून ठेवत होता.  ती चहा पिताना दिसत होती, धडधाकट, गालाला ग्रीसचा डाग, आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

"तू जेवून घे," मी म्हणालो. "मी जरा फ्यूज बघतो."

ती हात धुवायला मागे गेली. मी पाना घेतला आणि डॅशबोर्डखाली उताणा शिरलो. या वयात ते सोपं नाही. मान वाकडी, पाय दाराबाहेर, डोळ्यांत धूळ. बोल्ट होता तिथेच होता. नट घट्ट बसला होता, मीच आवळला होता ना. तीन हिसके दिले तेव्हा तो सुटला. बोटाने फिरवून नट काढला आणि मुठीत घेतला. आता बोल्ट मागे ओढला की काम झालं, तिला काही कळणार नाही, दुपारी मी म्हणेन की फ्यूजच खराब होता.

"बाबा," बारकी बॉनेटपाशी परत आली होती. "एक सांगू? ओरडणार नसशील तर."

"बोल."

"मी बूस्ट वाढवलाय. टर्बोचा. एकदा नाही, तीनदा. ओढत नव्हती म्हणून दर महिन्याला थोडा थोडा. आता आधीच्या मालकाने ठेवलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आहे."

बोल्टला लागलेला माझा हात तिथेच थांबला.

तुमच्या लक्षात येतंय का मी कुठे अडकलो ते? मी पेडल अडवलं म्हणून तिला गाडी मंद वाटली. मंद वाटली म्हणून तिने बूस्ट वाढवून आत जास्त हवा कोंबली. ती जितकी कोंबत गेली तितकं माझं अडवणं तिला पुरेनासं झालं. आता हा बोल्ट म्हणजे बाटलीचं बूच होतं. मी तो काढला तर आजवर या गाडीत जी ताकद कुणी पाहिलेली नाही ती सगळी एकदम मागच्या दोन चाकांवर येणार होती, आणि पायाला मात्र जुनी सवय, पेडल तळाला लावायची. काढावा तरी भीती, ठेवावा तरी भीती. 

ठरवलं, नट परत लावायचा. आधी काहीतरी निमित्त काढून बूस्ट उतरवायचा, मग बोल्ट काढायचा.

"आणि तू आत काय करतोयस एवढा वेळ?" ती वाकून म्हणाली. "नुसते पाय दिसतायत. ये बाहेर, मामाला वाटेल गेलास."

तिने माझा घोटा धरून हलवला. मी बाहेर आलो. यायलाच नको होतं. नट माझ्या मुठीत होता आणि बोल्ट नुसता भोकात बसलेला.

मी गुडघ्यावरची धूळ झटकत काय बोलावं ते शोधत होतो, तेवढ्यात ती बॉनेट आपटून आत जाऊन बसलीसुद्धा. "क्लच घसरतोय का ते राहिलंच बघायचं. पाण्याच्या टाकीपर्यंत एक चक्कर मारून येते."

"थांब."

"का?"

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. पेडलमागे एक बोल्ट सैल आहे, खाली उतर. एवढंच. पण त्या वाक्याच्या मागोमाग पुढचा प्रश्न येणार होता, बोल्ट कुणी लावला, आणि तो प्रश्न मला तिच्या तोंडून ऐकायचा नव्हता.  मी म्हणालो, "जेवून जा."

"आलेच पाच मिनिटांत," ती म्हणाली आणि गेली.

मी दारात उभा राहिलो. आमच्या गॅरेजसमोरून रस्ता सरळ जातो, गोदामांच्या भिंतीकडेने, आणि पाण्याच्या टाकीपाशी काटकोनात उजवीकडे वळतो. वळणाच्या पलीकडे कालवा. आवाजावरून गाडी कुठे आहे ते मला कळतं. पहिला गिअर. दुसरा. हळू पायाने चालली होती, तोवर बोल्ट भोकात राहणार होता. हळू पायालाच तो ऐकणार होता. ती जोरात दाबेल तेव्हा टोक पत्र्याला टेकेल, आणि मागून धरायला नट नाही म्हटल्यावर बोल्ट मागे सरकून बाहेर पडेल. तिसरा गिअर. देवा, तिथेच थांब, असं मी मनात म्हणालो.

मग एक आवाज आला. या गाडीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. किंचाळत वर चढला, वर चढतच गेला. मग टायर घासल्याचा लांबलचक आवाज. मग काहीच नाही.

तिला फोन लावला. तो तिथेच टेबलावर वाजला.

मी गॅरेजच्या पिकअपकडे धावलो. मामा त्याच्या ताठ पायाने कसा कोण जाणे माझ्या आधी दारापाशी पोचला आणि आत चढला. गाडी सुरू करताना मी त्याला सगळं सांगितलं. बोल्ट, नट, बूस्ट. गिअर बदलतानाही नट माझ्या मुठीतच होता. तो खाली ठेवायचं सुचलंच नाही.

"तुझ्या पायामुळे केलं रे," मी म्हणालो. "त्या दिवशी मी ती गाडी एवढी पळवायची तयार केली नसती तर..."

"दाजी," मामा म्हणाला.  "त्या दिवशी गाडीने काही केलं नाही. गाडी चांगली होती. मी पाण्याची बाटली शेजारी ठेवली होती. ती घरंगळत ब्रेकखाली गेली. मी काढायला खाली वाकलो."

मी त्याच्याकडे बघितलं.

"लाज वाटली सांगायला. एवढा मोठा अपघात आणि कारण काय तर बाटली. तुम्ही स्वतःला दोष देत होतात, मी देऊ दिला. वीस वर्षं. पुढे बघा, पुढे."

मला त्याच्यावर चिडायला हवं होतं. चिडायला वेळच नव्हता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. पेडलांपाशी मोकळी घरंगळणारी वस्तू. वीस वर्षं ज्या गोष्टीला मी घाबरलो ती खोटी होती, आणि जी खरी होती ती मी आत्ता, माझ्या हाताने, माझ्या मुलीच्या पायाशी सोडून आलो होतो. पिकअपचं पेडल मी तळाला लावलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

वळणावर रस्त्यावर दोन काळे पट्टे उमटले होते. ते आधी सरळ होते, मग वाकडे, मग एकमेकांना ओलांडून गेले होते. पट्ट्यांच्या शेवटी हिरवी गाडी उलट तोंड करून उभी होती, मागची चाकं गवतात, आणि गवताच्या पुढे कालव्याचा उतार. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं. आत कुणी नाही.

त्या रिकाम्या सीटकडे बघत मी किती वेळ घालवला ते मला सांगता येणार नाही. मामाने माझा खांदा धरून वळवला तेव्हा ती दिसली. टाकीच्या भिंतीला टेकून खाली बसली होती. गुडघे जवळ घेतलेले. रक्त नव्हतं. मी दोनदा बघितलं, नव्हतं.

मी तिच्यासमोर जाऊन बसलो. तिचा चेहरा पांढरा फटक पडला होता आणि दात वाजत होते. तिला मी कधीच असं पाहिलेलं नव्हतं.

"पेडल एकदम खाली गेलं," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा येत होता. "तळ लागायचा तिथून अजून खाली. गाडी अंगावर आल्यासारखी सुटली. ब्रेक दाबला तर ब्रेकखाली काहीतरी. जातच नव्हता खाली. गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, मग फिरले नुसती. पाणी दिसलं, बाबा. मला पाणी दिसलं."

"बस. बस, शांत हो."

तिने हात पुढे केला. हातात बोल्ट होता. टोकाला पत्र्यावर टेकून टेकून चकाकी आलेली, चार महिन्यांची. तिने तो उलटासुलटा करून बघितला. घाबरली असली तरी ती मेकॅनिकची मुलगी होती. आट्यांवरून तिने अंगठा फिरवला.

"हा नवीन आहे," ती म्हणाली. "आणि आटे ताजे घासलेत. नट आत्ताच कुणीतरी काढलाय." मग तिने वर बघितलं. "ह्याचा नट कुठंय?"

मामा मागे उभा होता.  मी मूठ उघडली.

नटाचे सहा कोपरे माझ्या तळव्यात उमटले होते. तिने नट उचलला आणि बोल्टवर ठेवून बोटाने फिरवला. तो अलगद चढला, शेवटपर्यंत.  मी वाट बघत होतो. तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, तोंड फिरवून चालू पडावं. काहीही मी आनंदाने सोसलं असतं.

तिने नट-बोल्ट खिशात टाकला, दुसऱ्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. 

"गाडी तू ने," ती म्हणाली. "मला भीती वाटते, बाबा."

मी किल्ली घेतली. मामाने तिला हाताला धरून पिकअपमध्ये बसवलं. हिरव्या गाडीत बसून मी सीट पुढे ओढली, कारण तिचे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत, आणि पेडलवर पाय ठेवून कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.